१४० मालक आणि एक कर्मचारी: उद्योग-संघटनेच्या कार्यालयासाठी माणूस नेमताना

माझा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. खोकी बनवणाऱ्यांच्या संघटनेची मी सहा वर्षं मानद सचिव होते. मानद म्हणजे काय, तर दिवसभर स्वतःचा कारखाना सांभाळायचा आणि रात्री साडेनऊला बसून संघटनेच्या नोटिसा काढायच्या. या सहा वर्षांत आम्ही कार्यालयासाठी तीन माणसं नेमली. पहिली नेमणूक साफ फसली, दुसरी अर्धीमुर्धी जमली, तिसरी अजून टिकून आहे. तिसरी टिकली ती नशिबाने नाही. पहिल्या दोन वेळी ज्या गोष्टी नेमणुकीनंतर करत बसलो, त्या या वेळी आधी केल्या, एवढंच.

कारखान्यात माणूस नेमायची सवय असलेल्यांना संघटनेसाठी नेमणं सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण कारखान्यात मालक एक असतो. संघटनेत वर्गणी भरणारा प्रत्येक जण स्वतःला मालक समजतो, आणि एका अर्थी तो असतोही. आमचे सभासद होते १४० च्या आसपास. त्यावर कडी म्हणजे हे सगळे मालक एकमेकांचे स्पर्धक. कार्यालयात बसणाऱ्या माणसाच्या टेबलावर या स्पर्धकांची माहिती शेजारी शेजारी पडलेली असते. त्यामुळे टायपिंग, एक्सेल वगैरे नंतर बघा. आधी हे दोन प्रश्न सोडवा: हा माणूस कोणाचं ऐकणार, आणि कोणाला काय सांगणार नाही.

आधी पंधरा दिवस मोजा

"आपल्याला एक चांगली हुशार मुलगी लागेल, सगळं बघणारी." कार्यकारिणीच्या सभेत हे वाक्य आलं की समजा, काम काय आहे हे कोणालाच माहीत नाही. (आणि "मुलगी"च का, हे मी दर वेळी विचारते. उत्तर मिळत नाही.)

संघटनेचं काम आत्ता जे जे कोणी करतात, त्या सगळ्यांनी पंधरा दिवस एका वहीत पाव-पाव तासाचा हिशेब लिहावा. आमच्याकडे मी, खजिनदार आणि अध्यक्षांच्या ऑफिसातला एक मदतनीस अशा तिघांनी लिहिला. आमची पक्की समजूत होती की सगळा वेळ इतिवृत्त आणि पत्रव्यवहार खातो. वह्या एकत्र केल्या तर निम्म्याहून जास्त वेळ वर्गणीपायी जात होता. वर्गणी भरली का, पावती मिळाली का, पावतीवर फर्मचं जुनं नाव पडलंय, मुलाच्या नावावर सभासदत्व करायचंय, मेल येत नाहीत. इतिवृत्ताला महिन्याकाठी चार तास लागत होते. म्हणजे आम्ही जाहिरात देणार होतो उत्तम भाषा येणाऱ्या माणसाची, आणि गरज होती न चिडता वीसदा तेच सांगणाऱ्या, नोंदी चोख ठेवणाऱ्या माणसाची.

पंधरा दिवसांची वही पूर्ण खरं सांगत नाही, कारण संघटनेचं काम वर्षभर सारखं नसतं. म्हणून भिंतीवर बारा महिन्यांची पट्टी काढा. हिशेबाचं वर्ष कधी संपतं, लेखापरीक्षण कधी, वार्षिक सर्वसाधारण सभा कधी, निवडणूक असेल तर ती कधी, प्रदर्शन कधी, सभासद-सूची कधी छापायची, सगळं त्यावर मांडा. आमच्या पट्टीवर दोन महिने काळेकुट्ट झाले आणि तीन महिने जवळजवळ कोरे राहिले. त्यावरून निघालं की एरवी आठवड्याला वीस तास पुरतात, त्या दोन महिन्यांत चाळीस लागतात. मग पूर्णवेळ माणूस ठेवून कोऱ्या महिन्यांत त्याच्याकडून अध्यक्षांची वैयक्तिक कामं करून घ्यायची, असला प्रकार टळतो. अर्धवेळ नेमणूक आणि ठरलेल्या दोन महिन्यांत जादा तास, त्या तासांचा दरही आधीच कागदावर.

वही आणि पट्टी हातात आली की कामाचे तीन ढीग करा. पहिला, जे संघटनेच्या माणसानेच करायचं: सभासद-नोंदवही, वर्गणी, सभांची तयारी, फोन-मेल. दुसरा, जे बाहेर देता येतं: हिशेब लिहिणं, छपाईची मांडणी, संकेतस्थळ. तिसरा ढीग म्हणजे जे बंदच करायचं. याकडे कोणी बघत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच सुटतो. आम्ही दर तीन महिन्यांनी एक वार्तापत्र काढायचो. एका अंकाच्या वेळी मुद्दामच काढलं नाही, बघू कोण विचारतं म्हणून. दोन फोन आले. त्यातला एक जाहिरातदाराचा होता.

उसना माणूस घेऊ नका

बहुतेक छोट्या संघटना सुरुवातीला हेच करतात. अध्यक्षांच्या कंपनीतली सहायक किंवा सचिवांचा अकाउंटंट "जाता-जाता" संघटनेचंही बघतो. फुकट असतं, म्हणून बरं वाटतं.

आमच्याकडे सभासद दर महिन्याला किती टन माल रवाना झाला ते कळवायचे आणि संघटना एकूण आकडा काढून सगळ्यांना द्यायची. एका सभासदाने आकडे पाठवणं बंद केलं. तीन स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही. शेवटी मी स्वतः फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, माझा आकडा मी ज्या पत्त्यावर पाठवतो तो अध्यक्षांच्या कंपनीचा आहे. त्यांचा आणि माझा गिऱ्हाईक एकच आहे. तुम्ही पाठवला असता का?" मी नसता पाठवला. अध्यक्ष सरळ माणूस होते, त्यांनी ते आकडे उघडूनही पाहिले नसतील. पण त्याने काही फरक पडत नव्हता.

तेव्हा माणूस संघटनेचा असावा, मेलचा पत्ता संघटनेचा असावा, संगणकही संघटनेचा असावा. मग तो माणूस स्वतःचा कर्मचारी असेल, घरून काम करणारा फ्रीलान्सर असेल, किंवा एकाच वेळी अनेक संघटनांचं कार्यालय चालवणारी व्यवस्थापन कंपनी असेल. कंपनीकडे काम दिलं तर रजा-आजारपणाची चिंता नाही आणि कामाची घडी बसलेली मिळते. मात्र तुमच्या सभासदांना ओळखणारा ठरावीक चेहरा मिळेलच असं नाही, आणि तीच कंपनी तुमच्या गिऱ्हाईक-उद्योगाच्या किंवा पुरवठादारांच्या संघटनेचंही काम बघते का, हे विचारावंच लागतं. फ्रीलान्सर नेमताना एक सावधगिरी: वेळ तुम्ही ठरवणार, जागा तुम्ही ठरवणार, पद्धत तुम्ही ठरवणार आणि कागदावर मात्र "स्वतंत्र सल्लागार" लिहिणार, हे बऱ्याच देशांच्या कायद्यात टिकत नाही. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात काम कसं चालतं ते पाहिलं जातं. आपल्या वकिलाला दहा मिनिटं विचारून घ्या.

मालक एकच, तोही ठरावाने

आमची पहिली नेमणूक ज्या बाईंची होती त्या कामाला वाघ होत्या. पाचव्या महिन्यात सोडून गेल्या. का, ते मला त्यांच्या शेवटच्या दिवशी कळलं. त्यांनी डायरी दाखवली. त्यातल्या एका दिवशी सकाळी अध्यक्षांनी सांगितलं होतं की सगळं सोडून मंत्रालयाला द्यायच्या निवेदनाचं बघा. अकराला प्रदर्शन समितीच्या प्रमुखांनी स्टॉलचा नकाशा मागितला, "आजच". दुपारी खजिनदारांना थकबाकीची यादी हवी होती. आणि मी चार वाजता फोन करून विचारलं होतं की इतिवृत्त अजून का आलं नाही. चौघांपैकी एकालाही बाकी तिघांचं माहीत नव्हतं. त्या दिवसाच्या पानावर खाली बारीक अक्षरात फक्त "डोकं दुखतंय" एवढं होतं.

दुसऱ्या नेमणुकीआधी आम्ही कार्यकारिणीत ठराव केला, आणि तो जसाच्या तसा नेमणूकपत्राला जोडला. मसुदा साधारण असा होता:

"कार्यालय सहायकांना कामाच्या सूचना केवळ मानद सचिव देतील. सचिव उपलब्ध नसल्यास सहसचिव. समिती-प्रमुखांनी आपल्या कामाची मागणी सचिवांकडे लेखी करावी. पंधरा मिनिटांत होणारी माहितीची विचारणा थेट करण्यास हरकत नाही. दोन कामांची मुदत एकमेकांवर आल्यास प्राधान्य सचिव ठरवतील."

ठराव केल्याने अध्यक्ष फोन करायचे थांबले असं नाही. पण फोन आल्यावर सहायकाला "सर, सचिवांच्या यादीत टाकते" एवढं म्हणायची सोय झाली. ती सोय ठरावाशिवाय होत नाही, कारण पगारावरच्या माणसाला अध्यक्षांना नाही म्हणता येत नसतं. सभासदांसाठीही एकच मेलपेटी आणि एकच नंबर ठेवा, कामाच्या दोन दिवसांत उत्तर मिळेल असं जाहीर करा, आणि सहायकाचा खाजगी मोबाईल नंबर कोणालाही देऊ नका. मागतील. देऊ नका.

जाहिरात

यावर फार लिहिण्यासारखं नाही. तास लिहा, पगाराचा पट्टा लिहा, महिन्यातून किती संध्याकाळी सभांना थांबावं लागेल ते लिहा, कारण चांगले उमेदवार शेवटच्या क्षणी याच एका गोष्टीवर गळतात. वहीतली पाच खरी कामं लिहा. "तडफदार", "बहुआयामी" वगैरे विशेषणं काढून टाका.

सभासदांमध्येच जाहिरात फिरवली तर अर्ज भाच्यांचे आणि मेहुण्यांचे येतात. नातेवाईक चालणारच नाही असं नाही, पण अर्जात एक ओळ हवी: कुठल्या सभासद-कंपनीशी नातं, जुनी नोकरी किंवा भागीदारी आहे का. ज्यांनी एखाद्या स्वयंसेवी मंडळाचं, ट्रस्टचं, क्लबचं कार्यालय सांभाळलंय त्यांच्याकडे माझा ओढा असतो. कामाची किंमत न देणाऱ्या, पण मत मात्र ठामपणे देणाऱ्या पदाधिकाऱ्यांची त्यांना सवय असते.

मुलाखतीपेक्षा चाचणीवर वेळ घालवा

पहिल्या वेळी आम्ही पाच जण टेबलाच्या एका बाजूला बसलो आणि उमेदवाराला "स्वतःबद्दल काही सांगा" म्हणालो. नंतरची वीस मिनिटं आमचे माजी अध्यक्षच बोलत होते. असल्या गप्पांतून माणूस कळतो असं आपल्याला वाटतं. माणूस निवडण्याच्या पद्धतींवर बरंच संशोधन झालंय. १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा मोठा आढावा निघाला, २०२२ मध्ये त्यातल्या आकडेमोडीची दुरुस्ती करणारा दुसरा आला. दुसऱ्यात सगळ्यांत वर ठरली ती सगळ्यांना ठरलेले प्रश्न ठरल्या क्रमाने विचारून गुण देणारी मुलाखत. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं वरच्या गटात राहिलं. मोकळ्या गप्पांची मुलाखत बरीच खाली होती.

आमची चाचणी दीड तासाची असते, आणि त्या दीड तासाचे पैसे आम्ही प्रत्येक उमेदवाराला देतो. तीन भाग असतात.

पहिला भाग सभासद-यादीचा. खोट्या नावांची तीस ओळींची यादी, तीत मुद्दाम गोंधळ घातलेला. एक फर्म दोन वेगवेगळ्या स्पेलिंगने दोनदा. दोन वेगळ्या फर्म, पण फोन नंबर एकच. एका ओळीत वर्गणी भरल्याची तारीख सभासदत्व मिळाल्याच्या आधीची. सूचना एवढीच: "ही यादी वापरण्याजोगी करा." तिसऱ्या नेमणुकीच्या वेळी सहा जण बसले होते. चौघांनी एकच फोन असलेल्या दोन ओळींपैकी एक उडवून टाकली आणि तसं कुठे लिहिलंही नाही. एकाच्या ते लक्षातच आलं नाही. सहाव्या बाईंनी दोन्ही ओळी ठेवल्या, त्यांना पिवळा रंग दिला आणि खाली लिहिलं, "दोन भावांच्या वेगळ्या कंपन्या असू शकतात. फोन करून विचारल्याशिवाय काढलेली नाही." यादीची मांडणी त्यांची सगळ्यांत साधी होती, रंग-बिंग फार नाहीत. नेमलं त्यांनाच. न विचारता उडवलेली एक ओळ म्हणजे सर्वसाधारण सभेची नोटीस न मिळालेला एक सभासद, आणि तो सभासद नेमका वकिलाचा जावई असतो.

दुसरा भाग इतिवृत्ताचा. आम्ही तिघांनी मिळून बारा मिनिटांची लुटुपुटूची सभा रेकॉर्ड केली आहे. त्यात प्रदर्शनाच्या हॉलवरून वाद होतो, एक जण आधी हो म्हणतो आणि मग माघार घेतो, शेवटी ठराव होतो. एक काम कोणी करायचं ते ठरतं, पण कधीपर्यंत ते ठरत नाही. आणि मधेच एक आवाज म्हणतो, "कागद एवढा महागलाय, पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी मिळून भाव वाढवले पाहिजेत." उमेदवाराने एका पानात इतिवृत्त लिहायचं. चांगल्या इतिवृत्तात वाद नसतो. निर्णय असतो, सूचक-अनुमोदक असतात, जबाबदारी असते, आणि जिथे मुदत ठरली नाही तिथे "मुदत?" असं प्रश्नचिन्ह असतं. भाववाढीच्या वाक्याचं काय केलं, ते आम्ही वेगळं बघतो. का, ते पुढे सांगते.

तिसरा भाग फोनचा, दहा मिनिटं. पलीकडच्या खोलीतून मी चिडलेला सभासद होऊन फोन करते. आधी माझी पावती हरवल्याबद्दल आरडाओरडा करते, मग आवाज मऊ करून विचारते, "बरं, अमक्याची वर्गणी थकलीय म्हणे? खरं का?" आरडाओरडा बहुतेक जण सोसतात. मऊ आवाजाला फसतात.

गुण देताना तिघांनी वेगवेगळ्या कागदावर द्यावेत आणि मगच बोलावं. आधी बोललं की सगळ्यांचे गुण मोठ्या आवाजाच्या माणसासारखे होतात.

मुलाखतीचे प्रश्न मी चारच ठेवते, सगळ्यांना तेच. साहेबाने चुकीची गोष्ट करायला सांगितली होती तेव्हा काय केलं? एकदा मुदत हुकली, ती कशी कळवली? दोन जणांनी एकाच वेळी काम दिलं तेव्हा काय केलं? मागच्या ठिकाणची अशी कुठली नोंद किंवा पद्धत आहे जी तुम्ही सुरू केली आणि तुम्ही गेल्यावरही चालू आहे? शेवटच्या प्रश्नाला चेहरा उजळला की मी अर्धी पटलेली असते, हे कबूल करते. गुणपत्रिका त्यासाठीच आहे.

आधीच्या साहेबांना फोन करताना "कशी होती?" विचारू नका, "चांगली होती" म्हणतील. विचारा, "पुन्हा नेमाल का, आणि कुठल्या कामावर?"

भावाचं वाक्य

स्पर्धक एका खोलीत बसले की काय होऊ शकतं, याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण लायसीनचं. लायसीन म्हणजे पशुखाद्यात घालायचं अमिनो ॲसिड. १९९० च्या दशकात ते बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या जगभरचे भाव आणि विक्रीचे वाटे संगनमताने ठरवत होत्या. एकत्र का जमतो याला सभ्य कारण हवं, म्हणून त्यांनी युरोपातल्या पशुखाद्य-पूरकांच्या संघटनेत अमिनो ॲसिडची एक उपसमिती करून घेतली. अमेरिकी तपासयंत्रणेने छुप्या कॅमेऱ्याने त्यांच्या बैठका टिपल्या. १९९६ मध्ये त्यांतल्या एका कंपनीने लायसीन आणि सायट्रिक ॲसिड या दोन्ही प्रकरणांत मिळून १० कोटी डॉलरचा दंड कबूल केला, आणि पुढे तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना तुरुंगवासही झाला. युरोपीय संघाच्या २००३ च्या नियमात तर सोय आहे की गुन्हा सभासदांच्या व्यवहारांशी निगडित असेल, तर संघटनेला होणारा दंड त्या बाजारातल्या सभासदांच्या एकत्रित उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि संघटनेकडे पैसे नसतील तर तिने ते सभासदांकडून गोळा करायचे.

आपली खोक्यांची संघटना काही तेवढी मोठी नाही, हे खरं. पण विषयपत्रिका कोण टाईप करतं? इतिवृत्त कोण लिहितं? आकडे कोणाकडे येतात? कार्यालयात बसणारा माणूसच. म्हणून त्याला वकिली नको, तीन गोष्टी मात्र पाठ हव्यात. विषयपत्रिका आधी लेखी जाणार आणि तिच्याबाहेरचा विषय अध्यक्षांच्या परवानगीशिवाय येणार नाही. भाव, सवलत, कोणाला माल द्यायचा नाही, कोणता भाग कोणाचा, असलं बोलणं निघालं की अध्यक्षांना चिठ्ठी द्यायची. अध्यक्षांनी ते थांबवायचं आणि थांबवल्याची नोंद इतिवृत्तात करायची. चाचणीत ते वाक्य गपचूप गाळणारा उमेदवार मला नको असतो, आणि "भाव वाढवण्याचे ठरले" असं लिहून मोकळा होणारा तर नकोच. आमच्या सहाव्या बाईंनी समासात लिहिलं होतं, "हे कामकाजात घ्यायचं का? सचिवांना विचारावं." आम्हाला हवं होतं ते एवढंच.

तिसरी गोष्ट आकड्यांची. कंपनीनिहाय आकडा कार्यालयाबाहेर जाणार नाही, अध्यक्षांनी मागितला तरी. फक्त बेरीज बाहेर जाईल, आणि तीही पुरेशा कंपन्यांची असेल तरच. तिघांची बेरीज दिली तर त्यांतला प्रत्येक जण आपला आकडा वजा करून उरलेल्या दोघांचा अंदाज बांधतो. अमेरिकेत १९९६ च्या आरोग्यसेवेविषयीच्या सरकारी मार्गदर्शनात एक कसोटी होती: माहिती त्रयस्थाने गोळा करावी, निदान पाच जणांची असावी, कोणा एकाचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त नसावा, आणि ती तीन महिन्यांहून जुनी असावी. इतर उद्योगांतल्या संघटनाही वर्षानुवर्षं तिच्यावर विसंबून होत्या. २०२३ मध्ये ते मार्गदर्शन मागे घेतलं गेलं. तेव्हा या कसोटीत बसलो म्हणजे सुटलो असं आता समजू नका, पण सहायकाला नेमकं काय जपायचं ते समजावून सांगायला ती अजून चांगली आहे. गोपनीयतेचं कलम नेमणूकपत्रात घाला, आणि नोकरी सुटल्यावरही ते लागू राहील असं लिहा.

पैसे आणि किल्ल्या

पावती देणारा आणि बँकेचा हिशेब जुळवणारा माणूस एक नको. छोट्या कार्यालयात माणसंच दोन नसतात, मग जुळवणी खजिनदारांनी महिन्यातून एकदा स्वतः बसून करावी. पैसे बाहेर जाताना दोन पदाधिकाऱ्यांची मंजुरी, सहायकाला फक्त नोंद भरायचा अधिकार. हे नव्या माणसावरच्या अविश्वासाने नाही, उलट चारशे रुपये इकडेतिकडे झाले तर त्याच्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून. असंच त्याला सांगा.

दुसऱ्या नेमणुकीतला मुलगा चांगला होता, वर्षभराने मोठ्या नोकरीवर गेला. गेल्यावर कळलं की संघटनेच्या मेलपेटीचा पासवर्ड परत मिळवायचा कोड त्याच्या मोबाईलवर जातो. सभासदांच्या व्हॉट्सॲप गटाचा तो एकटाच ॲडमिन होता. संकेतस्थळाचं नाव त्याने स्वतःच्या मेलवरून नूतनीकरण केलेलं. बिचारा दर वेळी फोन उचलून कोड सांगायचा. परदेशी गेला तेव्हा तीन आठवडे आमच्या मेलपेटीला कुलूप. चूक त्याची नव्हती. आम्ही त्याला सिमकार्डही घेऊन दिलं नव्हतं. तेव्हा पहिल्याच दिवशी संघटनेच्या नावाचं सिम, पदाच्या नावाचा मेल आणि प्रत्येक ठिकाणी दुसरा ॲडमिन म्हणून एक पदाधिकारी.

पहिले तीन महिने

पहिला आठवडा माणसाला काम देऊ नका, वाचायला द्या: संघटनेची घटना, मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं, थकबाकीची यादी. दुसऱ्या आठवड्यात त्याने प्रत्येक पदाधिकाऱ्याला एकेकदा भेटावं. पहिल्या महिन्यात एकच लक्ष्य ठेवा. आमचं होतं सभासद-यादी शुद्ध करणं, १४० फोन. त्या निमित्ताने सगळ्यांना नवा आवाज कळतो, आणि नव्या माणसाला कोण कसं बोलतं ते कळतं. दर आठवड्याला ठरल्या वेळी सचिवांबरोबर अर्धा तास, तो मात्र कधी रद्द करायचा नाही. मी तो रद्द करत गेले आणि दुसरी नेमणूक अर्धीमुर्धी राहिली त्यात माझा वाटा मोठा होता.

तिसऱ्या महिन्यापर्यंत सर्वसाधारण सभेची नोटीस कशी मोजायची हे त्याच्याकडून एकदा करून घ्या, सभा लांब असली तरी. आमच्या घटनेत "पूर्ण २१ दिवस" असं आहे. याचा अर्थ नोटीस पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. एका वर्षी मीच घाईत दोन्ही टोकं धरली आणि एकवीस मोजले. प्रत्यक्षात मधे एकोणीसच भरत होते. निवडणुकीत पडलेल्या गटाने नेमकं तेच धरलं. सभा पुन्हा घ्यावी लागली, हॉलचं भाडं दोनदा. आता कार्यालयातल्या कॅलेंडरवर सभेच्या तारखेवरून उलट मोजत लाल रेघ ओढलेली असते, आणि ती रेघ मी ओढत नाही, आमच्या सहायक बाई ओढतात. मी फक्त मोजून बघते.

याच तीन महिन्यांत नव्या माणसाकडून एक वही लिहून घ्या: रोज काय केलं ते नाही, कुठलं काम कसं करायचं ते. पावती कशी काढायची, बँकेत कोणाला भेटायचं, कुठल्या सभासदाला मेल नाही तर पत्रच लागतं, प्रिंटर अडकला तर मागचं झाकण आधी उघडायचं. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय की कपाटाची दुसरी किल्ली खजिनदारांकडे असते आणि ते सकाळी अकराच्या आधी फोन उचलत नाहीत.